निदान कोणी सांगायचे?

‘निदान’ हा शब्द मराठीत तीन अर्थांनी वावरतो. वैद्य करतो ते रोगाचे निदान. ‘निदान एवढे तरी कर’ असे आपण म्हणतो तेव्हा तो ‘किमान’ या अर्थाने येतो. आणि जुन्या मराठीत शेवट, अखेरची अवस्था या अर्थानेही तो आढळतो. कर्करोगाचे निदान घरात येते तेव्हा हे तिन्ही अर्थ बरोबरच उंबरा ओलांडतात. रोगाचे नाव कळते, अखेर डोळ्यांपुढे उभी राहते, आणि निदान रोग्याला तरी हे कळू नये म्हणून घरचे धडपडू लागतात. या शेवटच्या धडपडीविषयी आम्हांस लिहावयाचे आहे. कर्करोगावर मराठीत जे लिहिले व दाखविले गेले आहे, त्यातील खरे कोणते आणि वरवरचे कोणते हे पारखण्याची जागा हीच आहे, असे आमचे मत बनत गेले आहे. सारा भर आम्ही संदीप सावंत यांच्या ‘श्वास’ या चित्रपटावर देणार आहोत. बाकीच्या कृती ओघात येतील.

‘श्वास’विषयी लिहिण्याआधी ‘आनंद’ आठवणे भाग आहे. हृषीकेश मुखर्जी यांचा हा हिंदी चित्रपट १९७१ साली आला आणि आमच्या पिढीने तो बीदरला, उदगीरला, हैदराबादला, जेथे लागेल तेथे पाहिला. कर्करोग म्हणजे काय, हे आमच्यापैकी अनेकांनी प्रथम राजेश खन्नांच्या तोंडून ऐकले. आतड्याचा लिम्फोसार्कोमा हा अवघड शब्द त्या काळी पानाच्या ठेल्यावरही ऐकू येई. आनंदला आपले निदान पहिल्यापासून ठाऊक आहे. तो हसतो, हसवतो, रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला ‘मुरारीलाल’ म्हणून हाक मारतो, आणि डॉक्टर भास्कर बॅनर्जी मात्र आतून मोडत जातो. चित्रपट आजही डोळे ओले करतो, हे मान्य करू. परंतु त्या रोगाला वास नाही. उलटी नाही, बिछान्याची चादर बदलणे नाही, उपचाराला पैसे कोठून आणायचे हा प्रश्न नाही. मुख्य म्हणजे आनंदला घर नाही. ज्यांच्यापासून काही लपवावे असे भाऊ-बहीण, आई-आत्या त्याच्याभोवती नाहीत. त्यामुळे सांगावे की न सांगावे हा पेच तेथे उद्भवतच नाही. आनंद इतका मोकळा राहू शकतो, त्याचे अर्धे कारण हे आहे.

‘श्वास’मध्ये सारा चित्रपट या एका पेचावर उभा आहे. माधवी घारपुरे यांच्या कथेवरून तो बेतलेला असून २००४ साली तो प्रदर्शित झाला. उत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय सुवर्णकमळ त्याला मिळाले. आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ला पहिला मान मिळाल्यावर पन्नास वर्षांनी मराठीला तो पुन्हा लाभला. पुढे ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका म्हणून तो गेला आणि त्या खर्चासाठी महाराष्ट्रात लोकवर्गणी निघाली. त्या गाजावाजात चित्रपटाचे गुण थोडे झाकले गेले असे आम्हांस वाटते. लोक अभिमानाने चित्रगृहात गेले आणि गहिवरून बाहेर आले. चित्रपट नेमके काय विचारतो आहे, याची चर्चा कमीच झाली. आता वीस वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. तो शांतपणे पाहता येतो.

कथा लहान आहे. कोकणातल्या खेड्यातून एक आजोबा आपल्या नातवाला, परशाला, डोळे दाखविण्यासाठी शहरात आणतात. परशाला दृष्टिपटलाचा कर्करोग आहे. जीव वाचवायचा तर शस्त्रक्रिया करावी लागेल आणि शस्त्रक्रियेनंतर परशाला काहीही दिसणार नाही. येथपर्यंतचा भाग चित्रपट लवकर उरकतो, आणि ते योग्यच आहे. निदान झाले. आता ते परशाला कोणी सांगायचे?

संदीप कुलकर्णी यांनी रंगविलेले डॉक्टर साने हे कर्तबगार व कामात बुडालेले शल्यचिकित्सक आहेत. रोगाविषयी बोलणे त्यांना सहज जमते. परशाशी बोलणे तितके सहज जमत नाही. अमृता सुभाष यांची आसावरी ही रुग्णालयातली समाजसेविका आहे. सांगितलेच पाहिजे, हा आग्रह तिचा. आणि अरुण नलावडे यांचे आजोबा! त्यांच्या चेहऱ्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हांस त्यांच्या हातांविषयी लिहावेसे वाटते. हा माणूस सारा वेळ नातवाला धरून आहे. शहराच्या वाहत्या रस्त्यात परशा हरवू नये म्हणून धरलेला तो हात पुढे, परशाला आता हातच धरून चालावे लागणार, हे कळल्यावर वेगळा दिसू लागतो. दिग्दर्शक हे कोठे बोलून दाखवीत नाही.

सांगण्याचे काम या तिघांमध्ये फिरत राहते. डॉक्टरांना वाटते घरच्यांनी सांगावे, घरच्यांना वाटते डॉक्टरांनी सांगावे, आणि आसावरीला वाटते की कोणीही सांगा, पण मुलाला अंधारात ठेवून अंधार देऊ नका. या फिरण्यातच चित्रपटाचा प्राण आहे. मराठी कथा-कादंबऱ्यांत दुखणे येते तेव्हा लेखक बहुधा रोग्याच्या उशाशी जाऊन बसतो. येथे कॅमेरा सांगणाऱ्यांच्या बाजूला अधिक राहतो. धैर्य रोग्याला लागते हे खरे. पण त्याआधी ते दुसऱ्या कोणाला तरी लागते, आणि ते दुसरे माणूस बहुधा या कामाला सर्वांत कमी तयार असते.

काही वैद्यकीय गोष्टी येथेच सांगून टाकतो, कारण त्या उपयोगाच्या आहेत. हा रोग प्रायः पाच वर्षांच्या आतील मुलांना होतो. परशा त्या मानाने थोडा मोठा वाटतो. मुलाच्या बाहुलीत मंद उजेडात किंवा छायाचित्रात पांढरी चमक दिसणे हे त्याचे एक ठळक लक्षण आहे. रोग लवकर ओळखला तर आज औषधोपचार, लेसर आदी मार्गांनी अनेक मुलांचा जीवच नव्हे, डोळाही वाचविता येतो. आपल्या भागातून जवळ म्हणजे हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत या रोगावर मोठे काम झालेले आहे. तेव्हा घरातल्या लहानग्याच्या डोळ्यांत अशी चमक कोणास दिसली, तर ‘मांजरासारखे डोळे आहेत’ म्हणून कौतुक करीत बसू नये.

आता ज्या प्रसंगासाठी हा लेख लिहावयास घेतला, त्याकडे येतो. शस्त्रक्रियेच्या तोंडावर आजोबा आणि परशा रुग्णालयातून नाहीसे होतात. धावपळ उडते, वर्तमानपत्रवाले येतात, डॉक्टरांवर बोट रोखले जाते. नंतर दोघे परत येतात. आजोबा नातवाला शहर दाखवावयास घेऊन गेले होते. उद्यापासून दिसणार नाही, म्हणून आज पाहून घे. डॉक्टर साने भडकतात. रुग्णालयाची शिस्त, मुलाचा जीव, सर्वांची झोप या म्हाताऱ्याने पणाला लावली! आजोबा आपले कारण सांगतात, आणि डॉक्टरांचा राग हळूहळू उतरतो.

आम्ही २००५ साली हा चित्रपट प्रथम पाहिला तेव्हा आमचे मत डॉक्टरांच्या बाजूचे होते, हे नोंदवून ठेवतो. आजोबांची माया आम्हांस समजली, पण कृत्य बेजबाबदार वाटले. चित्रपटाने शेवटी डॉक्टरांना नमते घ्यावयास लावले, ती आम्हांस भावुकतेला दिलेली सूट वाटली होती. एका मित्राशी त्यावरून पुष्कळ वादही झाला. ते मत आज राहिलेले नाही. ते का बदलले, हे सांगण्यापूर्वी आपल्या भागातील एका गोष्टीकडे वळावे लागेल.

‘श्वास’मधील आजोबा आणि डॉक्टर दोघेही मराठी बोलतात. एकाची बोली कोकणातली, दुसऱ्याची पुण्याची, एवढाच फरक. आपल्या सीमाभागातील घरांना ही चैन कधी लाभली नाही. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली, उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके पलीकडे गेले आणि भालकी, औराद, बसवकल्याण अलीकडे राहिले. तेव्हापासून आपले दुखणे भाषा बदलत बदलत प्रवास करते. मोठ्या आजाराला कोणी हैदराबादच्या मेहदी नवाज जंग यांच्या नावाच्या रुग्णालयात जातो, कोणी बंगळूरच्या किदवाईत, कोणी बार्शीला नर्गिस दत्त यांच्या नावाच्या रुग्णालयात, ज्यांना झेपते ते मुंबईला टाटात. बार्शी-मुंबई सोडली तर निदान मराठीत मिळत नाही. अहवाल इंग्रजीत असतो. डॉक्टर परिचारिकेशी तेलुगूत किंवा कन्नडात बोलतात, आपल्याशी हिंदीत किंवा दखनीत. आणि मग घरातला जो कोणी चार बुके शिकलेला असेल, तो ते सारे रोग्याला मराठीत सांगतो. लपविण्याची जागा नेमकी ही आहे. कोणी खोटे बोलत नाही. फक्त भाषांतर करताना एक वाक्य गळते.

१९९४ साली आमच्या आत्याबाईंना आम्ही हैदराबादच्या एका रुग्णालयात नेले होते. पोटात गाठ होती. डॉक्टर चांगली दहा मिनिटे बोलले. रोग कोणता, तो कोठवर पसरला आहे, शस्त्रक्रियेचा फारसा उपयोग का होणार नाही, हे त्यांनी आम्हांस नीट समजावून सांगितले. त्यांचा कसलाच दोष नव्हता. आत्याबाई बाकावर बसल्या होत्या. आम्ही जवळ जाऊन म्हणालो, “आत्याबाई, गाठ आहे. औषधानं विरघळंल म्हणाले.” त्यांनी आमच्याकडे पाहिले आणि विचारले, “एवढा येळ बोलला की रे तो, अन् तू एवढंच सांगायलास?”

त्या प्रश्नाला आम्ही काय उत्तर दिले ते आठवत नाही. बहुधा बसची वेळ सांगितली असावी.

त्यानंतर त्या पाच महिने जगल्या. घरात एक शिस्तच बसून गेली. अहवालाची पिशवी धान्याच्या कोठीमागे, पाहुण्यांना दारातच सूचना, आणि आत्याबाईंसमोर हसरे चेहरे. त्या काळात त्यांनी दोनदा माणिकनगरला नेण्याविषयी विचारले. आम्ही म्हणालो, जरा बरे वाटू द्या, मग जाऊ. तिसऱ्यांदा त्यांनी विचारले नाही.

टॉलस्टॉय यांची ‘इव्हान इलिचचा मृत्यू’ ही १८८६ सालची दीर्घकथा आम्ही विद्यार्थिदशेत वाचली होती. मरणाऱ्या इव्हानला वेदनेइतकाच, किंबहुना वेदनेहून अधिक छळ सोसावा लागतो तो घरच्यांच्या खोटेपणाचा. तो मरत आहे हे सर्वांना ठाऊक आहे, त्यालाही ठाऊक आहे, आणि तरी सर्व मिळून त्याला फक्त आजारी ठरवितात व त्यानेही त्या नाटकात भाग घ्यावा अशी अपेक्षा ठेवतात. गेरासिम हा एक शेतकरी नोकर तेवढा खोटे बोलत नाही. तो मालकाचे पाय आपल्या खांद्यावर धरून बसतो. ही कथा आम्हांस पाठ असल्यासारखी होती. परीक्षेत तिच्यावर उत्तरही लिहिले होते. आणि तरीही १९९४ साली बाकापर्यंतच्या त्या दहा पावलांत ती आम्हांस आठवली नाही. साहित्य माणसाला जगावयास शिकविते असे आपल्या मंडळाच्या व्यासपीठावरून दरवर्षी कोणीतरी सांगतो, तेव्हा आम्ही गप्प बसतो त्याचे कारण हे आहे.

लपवाछपवीची दुसरी बाजू अकिरा कुरोसावा या जपानी दिग्दर्शकाच्या ‘इकिरू’ (१९५२) या चित्रपटात आहे. नगरपालिकेत तीस वर्षे कागद हलविणारा वातानाबे रुग्णालयात बसला असताना शेजारचा रोगी त्याला सांगतो की पोटाचा कर्करोग असला की डॉक्टर अमुक अमुक बोलतात. आत गेल्यावर डॉक्टर तंतोतंत तेच बोलतात. म्हणजे खोटे बोलण्यातूनच निदान कळते! पुढे वातानाबे आपल्या मुलाला काहीच सांगत नाही. उरलेल्या दिवसांत तो वस्तीतल्या मुलांसाठी एक बाग उभी करवून घेतो. मुलाला वाटत राहते की म्हाताऱ्याला काही ठाऊकच नव्हते. रोगीही घरच्यांपासून लपवू शकतो, हे आम्ही प्रथम तेथे पाहिले, आणि पडद्यावरची गोष्ट म्हणून सोडून दिले.

मराठीत या विषयावर सर्वांत सरळ गद्य अनिल अवचट यांचे आहे. त्यांच्या पत्नी डॉ. सुनंदा अवचट या मनोविकारतज्ज्ञ. येरवड्याच्या मनोरुग्णालयात त्यांनी नोकरी केली आणि १९८६ साली पुण्यात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र उभे राहिले ते त्यांच्या बळावर. त्यांना स्तनाचा कर्करोग झाला आणि १९९७ साली त्या गेल्या. अवचटांनी त्यांच्याविषयी व त्या दुखण्याविषयी वेळोवेळी लिहिले. पती आणि पत्नी दोघेही डॉक्टर. त्यामुळे लपविण्याचा प्रश्न नव्हता. भाषांतर करावयास मध्ये कोणी नव्हते. सांगावे की न सांगावे हा पेच काढून टाकला तर मागे काय उरते, हे पाहावयाचे असेल त्याने अवचट वाचावेत. उरतो तो रोजचा दिवस. स्वयंपाक, मुली, येणारी-जाणारी माणसे, केंद्राची कामे. अवचटांची छोटी, अलंकार नसलेली वाक्ये या दिवसाला शोभतात. मराठीत मृत्यू आला की लेखणी लगेच संस्कृतप्रचुर होते, हा दोष आमच्यातही आहे. अवचट त्यातून सुटले आहेत. मात्र एक गोष्ट नोंदविली पाहिजे. त्या घरातला मोकळेपणा हा ज्ञानाचा मोकळेपणा आहे. आपल्याकडील कोरडवाहू शेती करणाऱ्या, अहवाल उलटा धरणाऱ्या कुटुंबाला त्यातून धीर मिळेल, वाट मिळणे कठीण. ती वाट ‘श्वास’च्या आजोबांकडे अधिक आहे, असे आम्हांस वाटते.

वर्तमानपत्री मराठीविषयी न बोलून चालणार नाही. कर्करोगाने कोणी गेले की दुसऱ्या दिवशी मथळा येतो, ‘कर्करोगाशी झुंज अपयशी’. ज्याने वर्ष-वर्ष सोसले त्याला मेल्यावर पराभूत ठरविण्याची ही कोणती रीत? सुसान सोंटॅग या अमेरिकन लेखिकेने १९७८ सालच्या आपल्या निबंधग्रंथात रोगावर लादल्या जाणाऱ्या असल्या रूपकांचा, त्यांत या लष्करी भाषेचाही, समाचार घेतला आहे. तिला स्वतःला स्तनाचा कर्करोग झाला होता. पुस्तकात तिने त्याचा उल्लेखही केला नाही. झुंजीची भाषा घरात आली की रोग्याला रडण्याची, थकण्याची, ‘आता पुरे’ म्हणण्याची सोय राहत नाही. तो शूर असावाच लागतो. ‘श्वास’मध्ये हा शब्दव्यवहार जवळजवळ नाही. परशा शूर नाही. तो चिडतो, रुसतो, घाबरतो. अश्विन चितळे या लहान मुलाने हे इतके सरळ केले आहे की त्याला मिळालेला राष्ट्रीय पुरस्कार योग्यच म्हटला पाहिजे.

ज्या २००४ साली ‘श्वास’ आला, त्याच वर्षी २५ सप्टेंबरला अरुण कोलटकर कर्करोगाने गेले. त्यांनी आपल्या दुखण्याची कविता केली नाही. २००३-०४ या दोन वर्षांत मात्र ‘भिजकी वही’, ‘चिरीमिरी’ आणि इंग्रजीतील ‘काळा घोडा पोएम्स’, ‘सर्पसत्र’ अशी त्यांची पुस्तके एकामागून एक बाहेर आली. वर्षानुवर्षे छापण्याची घाई न करणाऱ्या कवीने घाई केली, यापलीकडे त्या निदानाविषयी त्यांनी वाचकाला काही सांगितले नाही. ‘भिजकी वही’त जगभरच्या स्त्रियांचे रडणे आहे, स्वतःचे नाही. याच वर्षी लोकसभा निवडणुकीच्या काळात शरद पवार यांना तोंडाच्या कर्करोगाला सामोरे जावे लागले, आणि पुढे त्यांनी आपल्या तंबाखूच्या सवयीविषयी जाहीर सभांतून उघडपणे खंत व्यक्त केली. एकाचे मौन व दुसऱ्याचे उघड बोलणे, दोन्ही आम्हांस सारखेच आदरणीय वाटते. कारण काय बोलावे आणि काय नाही, हे दोघांनीही स्वतः ठरविले. तंबाखूची चंची अजूनही ज्यांच्या कनवटीला आहे त्या आमच्या वाचकांनी दुसऱ्या उदाहरणाचा विशेष विचार करावा.

‘श्वास’मध्ये उणिवाही आहेत. कोकणातल्या हिरव्या आठवणी प्रमाणाबाहेर येतात. मूल ज्या जगाला मुकणार ते सुंदर असले पाहिजे, हे आम्ही एकदा सांगून समजलो असतो. वर्तमानपत्रवाल्यांचा भाग ठोकळेबाज आहे. आणि आई? ती गावी राहते. निर्णय शहरात होतो, पुरुष घेतात, आणि तिला निकाल कळतो. ‘श्यामची आई’ने सुरू झालेल्या या परंपरेत आईला असे दूर ठेवावे लागले, याचे नवल वाटते. तिला कोणी व कसे सांगितले, हा एक वेगळा चित्रपट होऊ शकेल.

आता आमचे मत का बदलले ते सांगतो. २०११ साली भालकीला एका लग्नाला गेलो असता आत्याबाईंच्या शेजारच्या अक्कांना भेटलो. अक्का कन्नड घरातल्या. आत्याबाईंशी कन्नडातच बोलत. वय ऐंशीच्या पुढे, कानाने कमी. बोलता बोलता त्या म्हणाल्या की तुमच्या आत्याला सगळे ठाऊक होते. हैदराबादहून परतल्यावर महिनाभरात आत्याबाईंनी कोठीमागची पिशवी काढली, अक्कांना बरोबर घेतले आणि गावातल्या एका डॉक्टरकडून अहवाल कन्नडात समजावून घेतला. घरी येऊन त्यांनी अक्कांना बजावले, पोरांना सांगू नको, त्यांना वाटतंय मला ठाऊक नाही, वाटू दे. पुढचे चार महिने ज्या गोष्टी बोलावयाच्या होत्या त्या सर्व त्या अक्कांशी ओट्यावर बसून कन्नडात बोलत. आम्ही आतल्या खोलीत असू. आम्हांस कन्नड येते. पण दोन म्हाताऱ्या काय बोलतात याकडे लक्ष देण्याची गरज आम्हांस कधी वाटली नाही. मराठी आम्ही बंद करून टाकली होती, तेव्हा त्यांनी दुसरी भाषा उघडली.

आणि माणिकनगर? अक्का म्हणाल्या, आम्ही गेलो होतो की. बाजाराला जातो म्हणून दोघी सकाळी निघाल्या आणि बसने हुमनाबादला गेल्या. आम्हांस तो दिवस आठवला. दुपारी उशीर झाला म्हणून आम्ही बाजारभर शोधत फिरलो होतो आणि संध्याकाळी दोघी दारात दिसल्यावर या लेखकाने आपल्या आत्याला, आयुष्यात प्रथमच, मोठ्या आवाजात बोलून घेतले होते. जिवाचे काही झाले असते म्हणजे? आत्याबाईंनी उत्तर दिले नव्हते. पाय धुऊन त्या आत गेल्या होत्या.

त्या लग्नाहून परतल्यावर ‘श्वास’ पुन्हा पाहिला. डॉक्टर साने भडकतात तेथे आम्ही चित्रपट थांबविला आणि बऱ्याच वेळाने पुढे चालू केला. साने आजोबांचे म्हणणे ऐकून घेतात. ते दृश्य आम्हांस आता भावुक वाटत नाही. साने यांना ते निदान त्याच दिवशी ऐकावयास मिळाले.

माणिकनगरला आत्याबाईंनी काय केले, हे आम्ही अक्कांना विचारले होते. त्या म्हणाल्या, समाधीचे दर्शन घेतले, मग ओसरीवर तासभर बसल्या. डॉक्टरांनी मना केलेला पेढा खाल्ला, अर्धा मला दिला. मग परतीची बस किती वाजता आहे, असे विचारले.